गनच्या नाकातलं कुंकू

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. नव्वदच्या दशकात शिरोली एमआयडीसीत, लाकडी खोकी करणाऱ्या कारखान्यात लागलो तो त्याच जोरावर. मालकांनी हवेवर खिळे मारणारी गन आणली आणि तिचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. "शिकलेला हाईस. हिची देखभाल तुझ्याकडं."

गन चालवायचे सुतारमामा. कोडोलीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला नावानं कधी हाक मारली नाही त्यांनी. "ए बीएस्सी, तुझ्या लेकीला तेल पाजलंस का न्हाई आज?"

पाजायचो. आधी हवेची नळी काढायची, मग आतले खिळे. नळी जिथं जोडतात तिथून चार-पाच थेंब तेल. सैल बोल्ट आवळायचे. शेवटी नाक. गनच्या टोकाला स्प्रिंगवर सरकणारं एक नाक असतं. ते लाकडावर दाबलं गेलं तरच खिळा सुटतो, नुसता घोडा ओढून काही होत नाही. म्हणून रोज कामाआधी, हवा न जोडता, नाक दाबून सोडायचं आणि ते उडी मारून बाहेर येतंय का बघायचं. पुस्तकात हे ठळक अक्षरांत होतं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी गन चकचकीत केली. नवमीला मामांनी पूजा मांडली. करवत, रंधा, हातोडी, मधोमध गन. पाण्यात कालवलेल्या कुंकवाची बोटं त्यांनी सगळ्यांना ओढली. गनच्या नाकावर जरा जास्तच, दाबून.

"नवी सून हाय," म्हणाले, "मळवट भरूया की."

सगळे हसले. मीही.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नळी जोडत होते.

"बघितलीस न्हवं रं?"

"सणाआधीच सर्व्हिस केलीया की मामा. बिनधास्त चालवा."

खोटं नव्हतं ते. पण त्या सकाळी मी नाक दाबून बघितलं नव्हतं.

मामांनी डाव्या हातानं फळी धरली. उजव्या हातात गन, बोट सवयीनं घोड्यावर. नाक फळीला टेकायच्या आधीच आवाज झाला. अडीच इंची खिळा डाव्या पंजातून आरपार.

त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी मागं राहिलो. नळी काढली, गन उलटी केली. नाक आत जाऊन बसलं होतं, म्हणजे नुसता घोडा ओढला तरी खिळा सुटणार. माझं तेल आणि मामांचं कुंकू यांचा लगदा स्प्रिंगपाशी वाळून घट्ट झालेला. मालक यायच्या आत मी तो खरवडला, रॉकेलनं धुतला. नाक दाबलं, सोडलं. टक्‌.

मालकांनी आल्यावर तेच केलं. टक्‌. "गन चांगली हाय," ते म्हणाले. "मामाचाच हात आला असणार नाकाखाली."

मी मान डोलावली.

मामांची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. सुतारकी सुटली. मी दुसरीकडं लागलो, बढती मिळाली, टेबल मिळालं. पण शेजारचा कुणी बॉलपेन टकटक करू लागला की माझा डावा तळहात आपोआप आवळतो. त्याला सांगणार काय?

दहाएक वर्षांनी कोडोलीला गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. मामा दारात बसले होते.

"आला का बीएस्सी! बस."

चहा आला. बशी त्यांनी उजव्या हातानं उचलली. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "चूक माझीच रं. हात मधी घातला. पर एक हाय, कुंकू लावलेलं म्हणून हातावर निभावलं. न्हायतर छातीतच जायचा की खिळा."

मी चहा पिऊन उठलो.

खरं सांगितलं तर माझी चूक त्यांच्या कानावर पडणारच नाही, स्वतःच्या बोटांनी लावलेल्या कुंकवानं नाक अडकलं, एवढंच ऐकू येईल. अशी मी मनाची समजूत घालतो. पण खरवडताना मला त्यांची काळजी नव्हती. नोकरीची होती.

मामा अजून आहेत. कोडोलीची एसटी रोज सुटते.