शिट्टीनंतरची वेळ

गयासभाईंना काढून टाकल्याचं पत्र मी आठ वेळा लिहिलं आहे. माझं अक्षर चांगलं, हा माझा दोष. आमच्या शहरातल्या फुटबॉल लीगमध्ये कुठल्याही क्लबला प्रशिक्षक नकोसा झाला की मंडळी कोरा कागद घेऊन माझ्याकडे येतात. "सोमनाथराव, जरा गोड शब्दांत लिहा." आणि प्रशिक्षक बहुतेक वेळा हाच.

गयासभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. सकाळी मैदान, मग दुकान. बावीस वर्षांत सात क्लब झाले आणि एकाही ठिकाणी हंगाम पुरा झाला नाही. माणूस खेळ जाणतो, पण भारी हट्टी. सरावाला येईल तो सामन्यात उतरेल, हा त्यांचा नियम, मग क्लब हरला तरी चालेल. "घाम यानं गाळायचा अन् खेळायचं दुसऱ्यानं? नाय जमत आपल्याला," म्हणायचे. दिवाळीच्या आसपास पत्र हातात पडायचं. घरी अनवरीभाभी म्हणायच्या, "एक तो साल पूरा करो जी!" ते ऐकून मला लाज वाटायची. शाई माझी होती ना.

गेल्या वर्षी ते आमच्या मुकुंदवाडीच्या क्लबात आले. चिटणीस मीच, अध्यक्ष सर्जेराव. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पत्र काही निघालं नाही. शेवटचा सामना उजाडला. बरोबरी झाली तरी आम्ही आमच्या गटात टिकणार होतो. एक-एक गोल, दहा मिनिटं बाकी, आणि गयासभाईंनी गोलकीपर बदलला!

आत गेला गोकुळ. सोयगावच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा, तिशी उलटलेला. वर्षभर दर रविवारी पहिल्या एसटीनं सरावाला यायचा, पण चांगल्या गोलकीपरला बाहेर काढायची वेळच कधी आली नव्हती. आता पुढचा सामनाच नव्हता.

सर्जेराव लालबुंद झाले. "आत्ताच्या आत्ता काढा ह्याला! लिहा सोमनाथराव, अन् मॅच चालू असतानाच हातात द्या."

मी कागद मांडीवर घेतला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, शब्द कधी अडला नाही. त्या दिवशी 'महोदय' लिहायलाच चार मिनिटं लावली. पेन झटकलं, चष्मा पुसला, एक ओळ खोडून नवा कागद मागितला.

"लई टाइम लावता राव!"

"कायदेशीर मजकूर आहे," मी म्हणालो. साफ खोटं.

तिकडे गोकुळनं एक चेंडू जिवाच्या आकांतानं अडवला. दुसरा हातातून निसटला. गोल झाला आणि पाठोपाठ शेवटची शिट्टी वाजली. आम्ही खालच्या गटात गेलो.

गोकुळ तिथंच मान खाली घालून बसला होता. गयासभाईंनी त्याला उठवलं, पाण्याची बाटली दिली. "पहिला मस्त अडवला तू. दुसऱ्यावर मेहनत करू."

मग मी पत्र दिलं. या माणसावर माझा किती जीव आहे, ते तेव्हा कळलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे धरला.

"तारीख हाय. वेळ पण टाका ना."

"वेळ कशाला?"

"अनवरीला दाखवायचंय."

मी घड्याळ पाहिलं आणि तारखेशेजारी, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: सायंकाळी पाच वाजून बारा मिनिटे, हंगाम पूर्ण झाल्यानंतर.