एमिल, ये मिल आणि चौधरी मॅडम

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कपाटावरच्या धुळीसारखे साचतात. मुद्दाम कोणी आणत नाही, पण बघावं तेव्हा बोटभर थर! यंदाचे सगळे रूथबाईंचे, आणि प्रत्येकात माझा पचका. म्हणून मीच सांगून टाकतो. आमच्या संस्कृतच्या चौधरी मॅडम सांगायला बसल्या तर माझं काही खरं नाही.

रूथबाई पंच्याहत्तरीच्या, लंडनच्या ज्यू. हिटलरच्या काळात जर्मनीतली त्यांच्या घरची माणसं पांगली. आजी छळछावणीत गेली, हे त्यांनी शोधून काढलं होतं. आईला लहानपणीच एकटीला इंग्लंडला पाठवलं होतं, म्हणून ती वाचली. राहिला एमिलमामा. तो जीव घेऊन हिंदुस्थानात आला, आमच्या बुरहानपुरात कापड मिलमध्ये लागला. पुढे त्याचं काय झालं, कोणालाच माहीत नाही. आई पत्रं पाठवून थकली आणि मामाचं नाव घेत गेली. ते शोधायला या बाई आल्या.

त्या उतरल्या तिथला हॉटेलवाला माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन, "सर, इंग्लिशवाली मॅडम आलीये. तुमच्याशिवाय आहे कोण?" मी इंग्रजीचा मास्तर, छाती फुगली ना!

*

मी पोचायच्या आधी बाई एकट्याच रिक्षा स्टँडवर गेल्या होत्या. "एमिल... एमिल..." एवढंच म्हणत होत्या.

रिक्षावाला खूश. "हौ मॅडम, ये मिल! बैठो!" त्याने थेट मिलच्या गेटवर नेऊन उभं केलं. वर म्हणतो, "देखो, यही मिल!"

हे त्यांनी स्टाफरूममध्ये इंग्रजीतून सांगितलं. हसलो मी सगळ्यात जास्त, कारण कळलं मला एकट्याला. आणि बाईंनी टाळी दिली कोणाला? चौधरी मॅडमना! ज्यांना एक शब्द कळला नव्हता!

*

मग मी सूत्रं हातात घेतली. बाईंना घेऊन सिंधीपुऱ्यात गेलो. एका म्हाताऱ्या बाबांना अदबीने विचारलं, "बाबा, मिलमध्ये कोणी जर्मन होतं का, माहीत आहे?"

"जर्मन ना? हाय ना! चौकात भांडीवाल्याकडे जा. पाहिजे तेवढं!"

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे मीच विसरलो! भांडीवालाही सोडेना. शेवटी एक पातेलं घेऊन परत आलो.

मॅडम म्हणाल्या, "सर, मामा नाही तर नाही, दूध तापवायची सोय झाली!" सगळी स्टाफरूम हसली. रूथबाई म्हणाल्या, "काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं, "व्हेरी गुड शॉप म्हणाल्या."

*

मी बाईंना टेबलक्लॉथवाल्या हॉटेलात टोस्ट-सँडविच खाऊ घातलं. त्यांनी अर्धं ठेवलं. स्टाफरूममध्ये परत आलो, तर मॅडमनी डब्यातली शेवभाजी पुढे सरकवली. मॅडमचं सगळं इंग्रजी म्हणजे "यस, नो, ईट!" बाईंच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी डबा पुसून खाल्ला.

मग मलाच विचारतात, "ही बाई यात घालते तरी काय?"

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. भाजीने नाही. आठवडाभर उन्हात मी हिंडतोय आणि लळा लागला मॅडमचा!

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मॅडमनी रूथबाईंना लोधीपुऱ्यात घरी जेवायला बोलावलं. मला म्हणाल्या, "सर, तुम्ही बी या. ट्रान्सलेशनला." ट्रान्सलेशनला! तरी गेलो.

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. मॅडमच्या सासू-सासऱ्यांच्या घागरी भरून झाल्या होत्या. बाजूला तीन लहान घागरी रिकाम्या होत्या.

"या कोणाच्या?" बाईंनी विचारलं. मी विचारलं.

"आमच्या भाडेकरूच्या," मॅडम म्हणाल्या. "लढाईच्या वेळी मिलमध्ये होते. तापाने इथंच गेले बिचारे. एक त्यांची, एक त्यांच्या आईची, एक लहान बहिणीची. घरची पत्रं बंद झाली तेव्हा दोघी गेल्या म्हणून फार रडले होते म्हणे. मागे कोणी नव्हतं, म्हणून सासूबाई भरायच्या. आता मी भरते. सासूबाई त्यांना मिलसाहेब म्हणायच्या."

"मिलसाहेब?" मी विचारलं. "मॅडम, दिसायला कसे होते?"

"गोरेपान, घाऱ्या डोळ्यांचे, सासूबाई सांगायच्या. मला तर वाटायचं, कोकणस्थ असतील!"

मिलसाहेब नाही हो, एमिलसाहेब! मी बाईंना सगळं सांगितलं. त्या घागरींपाशी बसल्या. पहिल्या घागरीवर हात ठेवला. मग तिसरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पण ही तर वाचली होती! ही माझी आई!"

ते मी सांगितलं आणि मॅडमनी कान पकडले. जित्या माणसाची घागर, इतकी वर्षं! मग हळूच विचारलं, "आता... आहेत?"

"नाही. गेल्या वर्षी गेल्या."

मॅडमनी पाण्याचा तांब्या उचलून रूथबाईंपुढे धरला. "मग यंदा तू भर, बाई."

मी भाषांतराला तोंड उघडलं. तोवर रूथबाईंनी तांब्या घेतलासुद्धा.