थोरल्या साडूंचं पाणकणीस

माझ्या थोरल्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतके धक्के मला दुसऱ्या कुणीही दिलेले नाहीत. ही दोन्ही विधानं मी पूर्ण विचार करून करतो आहे. गृहस्थ कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वेड गेलं नाही, आणि वेडही एकाच वनस्पतीचं. पाणकणीस. तळ्याकाठी, कॅनॉलच्या कडेला माणसाहून उंच वाढतं ते, काठीवर तपकिरी मखमल गुंडाळल्यासारखं दिसणारं. तुम्हाआम्हाला सगळी पाणकणसं सारखीच दिसतात. साडूंच्या मते हे म्हणजे सगळे साडू सारखेच असं म्हणण्यासारखं आहे. पानं बघून प्रजाती सांगणाऱ्याची त्यांना कीव येते. दांड्यावर वरचा भाग नरफुलांचा, खालचा मादीफुलांचा. मधे दांडा उघडा सुटलाय का, किती सुटलाय, मादीफुलाच्या केसांत बारीकसं सालपट आहे का, त्याचं टोक कसं आहे, पराग एकेकटे आहेत की चार-चार चिकटलेले, हे बघितल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. बघितल्यावर मात्र बंद करत नाहीत.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत चिमटा, भिंग आणि सहा इंची स्टीलची पट्टी असते. घरातल्या प्रत्येक गादीखाली वर्तमानपत्रात कणसं दाबलेली असतात. मी त्यांच्याकडे एकदाच मुक्काम केला. सकाळी बायकोनं माझ्या पाठीवरचे वळ मोजले, चौदा भरले. साडू चहा घेता घेता म्हणाले, "रात्री कूस बदललीत का हो? नमुना सरकलाय." एकदा काष्टीच्या बाजाराला निघालो होतो, तर हे वाटेतच कॅनॉलमध्ये उतरले. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला चष्मेवाला बघून एक शेतकरी थांबला.

"काय हरवलं का सायेब?"

"नाही. फूल बघतोय."

"ह्याला कुठलं आलंय फूल? हे तर नुसतं कणीस हाय."

"ह्या एका कणसात लाखाच्या वर फुलं आहेत."

त्यानं कणसाकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं. "मोजा मग निवांत. आमी बाजार करून येतो." तो बाजार करून परत आला तेव्हाही साडू पाण्यातच होते. आणि मीही तिथंच होतो, त्यांच्या चपला धरून.

आता मुख्य धक्का. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी सावेडीला मुलाच्या बंगल्यात ठरली. मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं होतं, पण मुलाच्या आईचं मन होत नव्हतं. आमची मुलगी फार फटकळ, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. तेव्हा सगळं त्या एका दुपारवर होतं. साडूंना टाळावं असं मी सुचवून पाहिलं. बायको म्हणाली, "थोरल्या जावयाला वगळून बोलणी करायची? माझी बहीण मला उभी करील का दारात?" म्हणून गाडीत मी त्यांच्याकडून शब्द घेतला की गवताचा विषय काढायचा नाही. त्यांनी शब्द दिला, आणि माझ्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं पाळलाही.

आम्ही सहा, ते आठ. चिवड्याच्या बश्या फिरत होत्या. कोपऱ्यात उंच पितळी फुलदाणीत तीन वाळलेली पाणकणसं होती. मी ती आत शिरतानाच पाहिली होती आणि साडूंना मुद्दाम तिकडे पाठ करून बसवलं होतं. पण मुलाच्या वडिलांनी विचारलं, "नवराबायकोनं स्वतंत्र राहावं, की आमच्यात?" आणि साडू मागच्या फुलदाणीकडे वळून म्हणाले, "ह्याचं बघा. नर वर, मादी खाली, मधे दोन बोटं मोकळी. कुणाचं कुणाला लागत नाही." साडू उठले. "एकच केस ओढतो," म्हणाले, आणि खिशातून आणलेल्या चिमट्यानं त्यांनी एकच केस ओढला.

पिकलेलं पाणकणीस आतून किती दाबून भरलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. ते एका जागी फुटलं आणि मग उसवतच गेलं. पंखा पाचवर होता. पहिल्यांदा मुलाच्या वडिलांच्या मिशा दिसेनाशा झाल्या, मग चिवडा, मग मुलाचे आजोबा. चौदा माणसं पांढऱ्या कापसात शिंकत होती. माझी मुलगी म्हणाली, "काका, आता बसा," आणि मला वाटलं, फटकळपणाचा पुरावाही देऊन झाला.

मुलाची आई उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "वडिलांनी तोडून दिलेली होती ती. माहेरच्या तळ्यातली. वडील गेले. तळंही बुजवलं, प्लॉट पडलेत तिथं."

मी चपला शोधायला लागलो. साडूंनी माफी मागितली नाही. केसांत कापूस, हातात भिंग, तसेच ते त्यांच्यासमोर गेले. "ताई, हे आपल्याकडच्या कॅनॉलवरचं नाही. सालपटाचं टोक वेगळं आहे. पण खात्री पराग बघूनच, आणि त्यासाठी हे फुलायला हवं. प्रत्येक केसाला एक बी आहे. कापूस झाडू नका."

बाईंनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ. मग पदर खोचून त्या जमिनीवर बसल्या आणि ओंजळीनं कापूस गोळा करायला लागल्या. "आमी लहानपणी ह्याच्या उशा भरायचो," त्या म्हणाल्या. तोवर त्यांच्या बोलण्यात गाव कुठंच नव्हतं. माझी मुलगी त्यांच्याशेजारी बसली. "पंखा बंद करा कुणीतरी," ती म्हणाली. "हुशार हाय," बाई म्हणाल्या. लग्न ठरलं ते तिथं, फरशीवर.

कापूस बाईंच्या गच्चीवरच्या पिंपातल्या चिखलात पेरला. साडू दर रविवारी जायचे. तिसऱ्या वर्षी कणीस आलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांचं काम जवळजवळ संपलं होतं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला बाईंनी डोळा लावला.

"चार-चार चिकटलेत, भाऊ."

"पुन्हा बघा."

"चार-चारच."

साडूंना ते दिसलं नाही. त्यांनी नमुना कागदावर दाबायला लावला आणि चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली, माझं अक्षर सरळ म्हणून. प्रजातीचं नाव, तळ्याचं गाव. नमुना कुणी गोळा केला, त्या रकान्यात मी साडूंचं नाव लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला आणि बाईंना विचारलं, "वडिलांचं पूर्ण नाव सांगा."