शेवटचा क्लिक

आई गेली त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या मालकांच्या मनात आलं की कंपनी ऑनलाइन दिसली पाहिजे.

कंपनी म्हणजे बोईसरच्या एमआयडीसीतली एक शेड. केमिकल कारखान्यांत गाळण्यासाठी लागणाऱ्या कापडी पिशव्या आम्ही शिवतो. शेडभर शिलाईची मशिनं, आणि एका कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये मी. बिलं, पत्रव्यवहार, माल पाठवणं, सगळं माझ्याकडे. शेडमध्ये बाई मी एकटीच. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर ते हिंदीत आणि कामापुरतं. संध्याकाळी सहाआसनी रिक्षाने तारापूरजवळच्या आमच्या गावी यायचं, कुलूप काढायचं, चहा टाकायचा. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणायच्या, "गो, टीवी तरी लाव. आवाज आसला की घरात मानूस हाय आसं वाटतं." मी लावायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचे.

मालकांनी पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीला काम दिलं आणि मला सांगितलं, "मॅडम, आपकी इंग्लिश अच्छी है, आप देख लो."

पहिल्या मीटिंगला पडद्यावर एक टाय लावलेला माणूस आला आणि अक्षरांची माळच लावली त्याने. सीटीआर, सीपीसी, सीटीए, केपीआय. मी प्रत्येक अक्षराला मान हलवली. नंतर त्यांची मेल आली. तिमाहीत किती 'लीड' अपेक्षित आहेत ते त्यात लिहिलं होतं. इंग्रजीत शिशाचं स्पेलिंगही तेच, आणि आमच्याकडे केमिकलवाल्यांच्या तपासणी अहवालात ते शिसंच असतं. मी सरळ उत्तर धाडलं, की आमच्या कापडात शिसं अजिबात नसतं, हवं असल्यास प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट पाठवते.

तासाभरात फोन आला. पलीकडे एक बाई होती, हसू दाबून बोलणारी.

"मॅडम, एजन्सीतून बोलतेय. तुमचा अकाउंट माझ्याकडे आहे. तुमची मेल वाचली. रागावू नका, पण लीड म्हणजे शिसं नाही हो."

"मग?"

"तुमच्या मालात ज्याला रस आहे आणि ज्याने आपला नंबर तुमच्याकडे ठेवलाय, असा माणूस."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती लगेच म्हणाली, "मी नोकरीला लागले तेव्हा सीटीए ही सीएसारखी काहीतरी परीक्षा असेल असं समजत होते. सीटीए म्हणजे ते 'आत्ताच चौकशी करा'चं बटण. कुणीच पोटातून शिकून येत नाही."

ती सांगलीहून काम करायची, घरूनच. वय तिशीच्या आसपास असावं, मी विचारलं नाही. नवरा कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा तो आतल्या खोलीत झोपलेला आणि ती बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. दर गुरुवारी दुपारी ती मला रिपोर्ट समजावून सांगायची. रिपोर्ट संपला की मी अडलेला शब्द काढायचे.

इम्प्रेशन म्हटलं की मला अंगठ्याचा ठसा आठवे. तिने सांगितलं, की जाहिरात कुणाच्या तरी फोनवर उमटली की झालं एक इम्प्रेशन. त्याने ती पाहिली की नुसतं बोट सरकवलं, ते कळायला मार्ग नाही.

"म्हणजे मी रोज रिक्षा स्टँडवर उभी असते तसं," मी म्हणाले.

"अगदी तसंच. आणि कुणी थांबून 'कशा आहात' विचारलं, तर तो क्लिक. किती जणांना दिसलात आणि त्यातल्या किती जणांनी विचारलं, हे प्रमाण म्हणजे सीटीआर. आणि तो एक क्लिक मिळवायला जे पैसे पडतात ते सीपीसी."

एका गुरुवारी तिने रिपोर्ट वाचता वाचता म्हटलं, "मॅडम, तुमची एंगेजमेंट फारच कमी आहे."

"माझी झालीच नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पलीकडे ती फिसकन हसली, आणि मीही. इतकी हसले, की बाहेरून फोरमन काचेला नाक लावून बघायला लागला. आई गेल्यापासून मी आवाज करून हसले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी गुरुवारी इस्त्रीची साडी नेसायला लागले होते. फोनवरच्या बोलण्यासाठी साडी कशाला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मग आईचं वर्षश्राद्ध आलं. भाऊ पुण्याहून आला, नातेवाईक जमले. पंगतीत जो तो भावाचं कौतुक करत होता. पोराने शेवटी आईचं सगळं केलं, हॉस्पिटलात पाय मोकळे करायलासुद्धा उठला नाही, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. ते खोटं नव्हतं. शेवटचा आठवडा तो खरंच आईच्या उशाशी होता. मी वाढप करत होते. कुणीतरी म्हणालं, "ताईला ताक आणायला सांगा."

त्यानंतरच्या गुरुवारी तिने मला ॲट्रिब्युशन समजावलं.

"समजा, एका गिऱ्हाइकाने आधी तुमची जाहिरात पाहिली. मग तुमच्या वेबसाइटवरची माहिती वाचली. मग विसरून गेला. महिन्याने गूगलवर कंपनीचं नाव शोधलं, तिथे आलेल्या दुव्यावर क्लिक केलं आणि ऑर्डर दिली. तर ऑर्डरचं श्रेय कुणाला?"

"सगळ्यांनाच थोडं थोडं."

"तसंही मोजतात. पण बहुतेक ठिकाणी लास्ट क्लिक चालतो. जो शेवटचा, त्याच्या नावावर सगळं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मॅडम? आवाज येतोय ना?"

मग मी तिला सांगितलं. आई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. सकाळी तिचं सगळं आवरून कामावर यायचं, दुपारी काकी डोकावून जायच्या, संध्याकाळी परत पेज भरवायची, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. लग्नाचं नाव घरात निघायचं बंद झालं ते त्याच वर्षांत. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीतच होतं. निदान मला तसं वाटत होतं.

ती म्हणाली, "ताई, आमच्या रिपोर्टात एक रकाना असतो, असिस्टेड कन्व्हर्जन. शेवटचा क्लिक ज्यांचा नाही, पण ज्यांच्यामुळे गाडी तिथवर आली, ते त्यात येतात. तो रकाना कुणी उघडून बघत नाही. मी बघते."

तोवर ती मला मॅडम म्हणायची. मी उठले आणि माठातलं पाणी प्याले. फोन कानालाच धरलेला होता. दोघींपैकी कुणीच तो ठेवला नाही.

दिवाळीनंतर मालकांनी मला बोलावलं. "मॅडम, इतना पैसा जा रहा है. आरओआय क्या है?"

घातलेल्या पैशांच्या बदल्यात हाती काय लागलं, ते म्हणजे आरओआय. मला तो आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी दोन दिवस बसून सगळे रिपोर्ट लावले. चौकशा खूप होत्या. पण कुणाला लग्नात वाटायला पिशव्या हव्या होत्या, कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माहिती, कुणी आम्हालाच काहीतरी विकायला बघत होतं. खऱ्या ऑर्डरी पूर्वीसारख्याच जुन्या ओळखीच्या पर्चेस मॅनेजरांकडून फोनवर येत होत्या. नुसती इम्प्रेशन्स पुढे केली असती तर मालक खूश झाले असते, आकडा केवढा तरी होता. मी तो खाली ठेवला आणि खरं होतं ते वर लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "बंद कर दो."

शेवटच्या गुरुवारी तिला आधीच कळलेलं होतं.

"तुमचा रिपोर्ट बरोबर आहे, ताई. मी लिहिला असता तरी हाच लिहिला असता."

"तुला कामावर काही बोलणार नाहीत ना?"

"नाही हो. अकाउंट येतात, जातात. त्याला चर्न म्हणतात."

"चर्न म्हणजे घुसळणं ना?"

"आमच्यात सोडून जाणं." मग म्हणाली, "फोन करत जा." मी म्हटलं, "हो, तूपण."

केला नाही. काय निमित्त काढून करणार? ती कामात असेल, नवरा झोपलेला असेल. गुरुवार आला की दुपारी मी थोडा वेळ टेबल आवरत बसायचे.

उन्हाळ्यात एक दिवस तिच्या नावाने मेल आली. वर माझं नाव, खाली तिचं. आम्हाला तुमची आठवण येते, असं लिहिलेलं. मी ती दोनदा वाचली. मग खालचं बटण दिसलं, सवलत दिसली, आणि समजलं. जुन्या गिऱ्हाइकांना परत ओढायला अशी मेल एकगठ्ठा जाते, त्यात प्रत्येकाचं नाव आपोआप बसतं. तरीही मी तिला फोन लावला.

"ताई! किती दिवसांनी!" आवाज तोच होता. "अहो, मी ती नोकरी कधीच सोडली. माझं नाव त्यांनी अजून काढलेलं दिसत नाही. मला मुलगी झाली."

मी अभिनंदन केलं. बाळाचं नाव विचारलं, वजन विचारलं. तिने उकाड्याचं विचारलं. मग आम्ही दोघी शब्द शोधत राहिलो. समोर रिपोर्ट नव्हता, अडलेलं काही नव्हतं. मागे बाळ रडायला लागलं.

"नंतर करते हं, ताई."

"कर, कर. तिला घे आधी."

त्या संध्याकाळी तारापूर नाक्यावर रिक्षातून उतरले. दांडी गावची एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. बोंबील ताजे दिसले म्हणून मी वाटा उचलला.

"घरात कोन कोन हाय?" तिने विचारलं.

"मी एकटीच."

"मग येवडं नको नेऊ. खराब व्हईल." तिने माझ्या पिशवीतले अर्धे बोंबील काढून परत टोपलीत ठेवले.