नाकतोड्याचा डीएनए माझ्या दुप्पट

"मशीन बिघडलंय," फडके मॅडम म्हणाल्या. "नाहीतर तुझा हात."

स्क्रीनवर भातातल्या नाकतोड्याचं रीडिंग होतं. माणसाच्या दुपटीहून जास्त डीएनए! पनवेलच्या एका छोट्या लॅबमध्ये मी हेच काम करते. पेशींना रंग लावायचा आणि त्या मशीनमधून सोडायच्या. जितका डीएनए जास्त, तितकी चमक जास्त.

"सोमवारी रिव्ह्यू आहे. असले आकडे दाखवले तर कमिटी प्रोजेक्टच बंद करेल. ताजं सॅम्पल आण, आत्ता!"

मी स्कूटर काढली आणि जवळच्या नेरे गावाला गेले. पहिले नाकतोडेही तिथल्या बाळाराम काकांच्याच भातशेतातले होते.

"काका, अजून पाच-सहा हवेत."

"पाच-सा? सगलं शेत न्या! आमी कंटाललोय त्यांना."

लॅबमध्ये डबा उघडला आणि तीन निसटले. एक मॅडमच्या केसांत बसला. आमच्या पीएचडी झालेल्या बॉस खुर्चीवर चढून किंचाळत होत्या, आणि मी हसून हसून जमिनीवर बसले होते.

नवं सॅम्पल लावलं. तेच रीडिंग.

"तुलनेसाठी माणसाचं रक्त लाव," मॅडम खुर्चीवरूनच म्हणाल्या.

माणसाचं तयार सॅम्पल संपलं होतं. मी स्वतःचं बोट टोचलं. ग्राफवर माझा उंचवटा माणसाच्या नेहमीच्या जागी, डावीकडे आला, नाकतोड्याचा पार उजवीकडे. मशीन ठणठणीत होतं!

"अगं, पण एवढं भरलंय काय याच्यात?"

याच नाकतोड्यांचा डीएनए आम्ही वाचून घेतला होता. ती फाइल उघडली. तेच तुकडे, पुन्हा पुन्हा, हजारो ठिकाणी. यांना जम्पिंग जीन्स म्हणतात. त्यातले बरेचसे स्वतःची कॉपी काढतात आणि ती दुसरीकडे चिकटवतात. काही जीव हा पसारा हळूहळू छाटत राहतात. नाकतोडा छाटण्यात भलताच आळशी. लाखो वर्षं कॉप्या साठत गेल्या आणि डीएनए फुगला.

मॅडमनी खुर्चीवरून उडी मारली आणि मला मिठीच मारली.

सोमवारी कमिटीने तासभर प्रश्न विचारले आणि प्रोजेक्ट चालू ठेवला. मी लगेच काकांना फोन लावला.

"काका, तुमच्या नाकतोड्यात माझ्या दुप्पट डीएनए आहे!"

"मंग? भात पन दुप्पटच खातान ते."

जीव केवढा आणि त्याचा डीएनए केवढा, याचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. मोजल्याशिवाय बोलू नये.