सिरियलमधली बस

सहाव्या सेमिस्टरला आम्हाला जी कादंबरी होती, तिच्यावरच टीव्हीवर सिरियल सुरू झाली, तेव्हा नांदेडच्या आमच्या होस्टेलवर पोरी अक्षरशः नाचल्या. आता पुस्तक उघडायलाच नको, असं सगळ्यांचं एकमतानं ठरलं. मी त्यातल्या त्यात शहाणी, म्हणून गाईड आणलं. लायब्ररीतून खरं पुस्तकही काढलं होतं. ते अर्ध्यापर्यंत वाचलं आणि पुढं गाईडवर भागवलं.

कादंबरी जुनी. लहान गावातल्या एका सुनेला लांबच्या शहरात, दवाखान्यात नर्सची नोकरी लागते आणि ती जाते की नाही, एवढीच गोष्ट. सिरियलवाल्यांना एवढ्यावर कसं भागणार? त्यांनी तिला एक कपटी नणंद दिली, सासूला कपाटभर पैठण्या दिल्या आणि सगळ्यांना पूर्ण मेकअपमध्ये झोपवलं.

लातूरजवळ औशात आमचं किराणा दुकान आहे. आई सकाळी शिवपूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही आणि संध्याकाळी सिरियल झाल्याशिवाय कणीक मळत नाही. माझ्या अभ्यासक्रमातली गोष्ट टीव्हीवर लागते, याचा तिला माझ्यापेक्षा जास्त अभिमान. गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची.

माझं घोडं अडलं होतं ते पुण्यावर. बीए झाल्यावर मला एमएला पुण्याला जायचं होतं. नांदेडला मावशी आहे, म्हणून नांदेड चाललं. पुण्याला आमचं कोणीच नाही. पप्पांना विचारलं, तर ते वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाले, "तुझी आई म्हणल तसं." आणि सुटले. आईला विचारलं, तर ती टीव्हीकडं बोट करून म्हणाली, "बघू की. ही जाती का बघू. ही गेली तर तुलाबी पाठवू."

हसत म्हणाली होती. पण आई हसत बोललेलंही विसरत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मी लगेच सांगून टाकलं, "पुस्तकात जाते ती."

"अन् पुढं? चांगलं होतं ना तिचं?"

"हाव," मी म्हणाले. गाईडमध्ये लिहिलं होतं की, शेवटी नायिकेला स्वत्वाची जाणीव होते. स्वत्वाची जाणीव झाल्यावर कोणाचं वाईट कसं होईल?

त्यानंतर मात्र माझा जीव टांगणीला लागला. एकीकडं परीक्षा जवळ येत होती आणि दुसरीकडं सिरियलमधली बाई काही केल्या घराबाहेर पडेना. कधी सासूच्या छातीत दुखायचं, कधी नणंदेचं लग्न मोडायचं. आई रोज फोन करून मला खबर द्यायची. मी फोन ठेवून नोट्स उघडायची, पण डोक्यात एकच, ही बया आज तरी बॅग भरते का.

स्वप्नंही तसलीच पडायची. पहाटे पहाटे मी पेपरला बसलेली असे, पण हॉल म्हणजे आमच्या दुकानाचं गोदाम. पोत्यांवर बसून पोरी लिहितायत. सुपरव्हिजनला सिरियलमधली सासू, नथ घालून. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न, ‘पुढील भागात काय होईल ते सोदाहरण स्पष्ट करा’. मी लिहायला घेतलं की ती माझा पेपर ओढून घ्यायची आणि म्हणायची, उरलेलं ब्रेकनंतर. मी घामाघूम होऊन उठायची. रूममेटला सांगितलं तर ती हसून लोळली. मला काही हसू येत नव्हतं.

कादंबरीचा पेपर सगळ्यात शेवटी होता. त्या दिवशी सकाळीच आईचा फोन. आवाज रडका. मला वाटलं, पप्पांना काही झालं.

"गेली गं ती," आई म्हणाली.

"कोण?"

"आपली नर्स. बसमधी बसली अन् बसचा ॲक्सिडेंट झाला बाई. तिला आता काहीच आठवंना. सोताचं नावबी न्हाई."

"आई, पुस्तकात असं नाहीये गं!"

"तुझा पेपर हाय ना आज? जा. नीट दे." आणि तिनं फोन ठेवला.

एवढा राग मला कधी कोणाचा आला नसेल. चॅनेलवाल्यांचा, त्या बसच्या ड्रायव्हरचा, गाईडवाल्याचा. पेपरला प्रश्न आला तोही नेमका कादंबरीच्या शेवटावर. मी भराभर लिहीत सुटले, आणि सप्लिमेंट जोडताना दिसलं की, माझ्या उत्तरात नणंद आली आहे. पुस्तकात नणंदच नाही. मी ती खोडली. पण तिच्याआधी बसचा अपघात लिहिला की नाही, ते पेपर देऊन बाहेर आल्यावर आठवेना. आजही आठवत नाही. आता आठवंना झालं होतं ते मलाच.

दुसऱ्या दिवशी होस्टेल सोडून घरी निघाले. लातूरला गाडी बदलून औशाला पोचेपर्यंत मनात दोन्ही भीती आळीपाळीनं वर येत होत्या. नापास झाले तर पुणं गेलं. पास झाले तरी त्या बसपायी गेलंच. आणि आई तसंच म्हणाली. दारातच पाणी देत म्हणाली, "लातूरलाच कर एमए. रोज येणं-जाणं व्हतंय. मला झोप तरी लागंल."

"एका सिरियलवरून?" मी ओरडलेच. बॅगेतून पुस्तक काढून तिच्यापुढं आपटलं. "यात असं काही नाही!"

आई तोवर तुरीची डाळ निवडायला बसली होती. चिडली नाही. म्हणाली, "मंग वाच की."

मग मी वाचलं. शेवटचं प्रकरण, मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा. नर्स पहाटेच्या एसटीत बसते. मागं वळून बघत नाही. कंडक्टर तिकीट फाडून देतो, ती ते मुठीत घट्ट धरते. गाडी गावाची कमान ओलांडते. संपलं.

"अन् पुढं?" आई म्हणाली.

मी पान उलटलं. पुढं फक्त मागचा पुठ्ठा होता. "पुढं नाही लिहिलेलं."

"पोचली का न्हाई?"

"माहीत नाही."

"तू तर म्हणलीस, चांगलं झालं."

पुणं गेलंच होतं, आता लबाडही ठरले, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आईच्या सुपातले खडे मला दिसेनासे झाले.

ती बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तिच्यापाशी फोन व्हता का?"

"नाही गं. जुनं पुस्तक आहे."

"मंग कळणार कसं घरच्यांना. लिहिणाऱ्याला बी कळलं नसंल." तिनं सूप पाखडून बाजूला ठेवलं. "तुझ्यापाशी हाय ना फोन? पुण्याला पोचल्या पोचल्या लावायचा. मी वाट बघत बसनार न्हाई, सांगून ठेवते. लई जीव जातो."

आणि ती कणीक मळायला आत गेली. टीव्ही लावायची वेळ झाली होती, पण तिनं लावला नाही.

मी पुस्तक मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले. उड्या मारायला हव्या होत्या. इतके दिवस मी आईच्या भीतीशी भांडत होते आणि ती भीती आता तिनं डाळीतल्या खड्यासारखी बाजूला काढून ठेवली होती. उरली ती माझी होती. पुण्याला माझंही कोणी नव्हतं.

निकाल अजून लागायचा आहे. स्वप्नात आता सासू येत नाही, एसटी येते. मी खिडकीजवळ बसलेली असते, मुठीत तिकीट असतं, आणि गाडी कमानीखालून बाहेर पडताना मी फोनवर सांगत असते, आई, अजून पोचले नाही.