बायकोच्या आवाजातले सात फोन

बँकेला फोन करायचा असला की माझी बायको मला तिच्या आवाजात बोलायला लावायची. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं तर खुळ्यासारखं वाटतं, पण लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या घरात कितीतरी वर्षं हा कारभार असाच चालला.

त्याचं मूळ इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात. गणेशोत्सवाच्या नाटकात सासूचं काम करणाऱ्या बाई ऐन वेळी आजारी पडल्या आणि दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मला मिशी नव्हती, एवढीच माझी पात्रता. नऊवारी नेसून मी जी सासू उभी केली तिचा आवाज सरळ बायकोवरून उचलला होता. बोलण्याआधी नाकातून सोडलेला बारीक श्वास, आणि राग आला की आवाज चढवायच्या ऐवजी खाली आणायची तिची सवय. पहिल्या रांगेत बसून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घरी येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत म्हणाली, "आता बँकेचे फोन तूच करायचे. माझ्या आवाजात."

तिला फोनवर बोलण्याचा मनापासून कंटाळा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती नोकरीला आणि मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा. जॉइंट अकाउंट तिनेच उघडलेलं, माझं नाव मागाहून लागलेलं, त्यामुळे फोनवरची सगळी ओळख तिच्या नावाची. फोन करायची वेळ मात्र कायम माझ्यामुळे यायची. बेसिंगस्टोकच्या कंपनीतला माझा पगार महिनाअखेरीला जमा व्हायचा आणि मंडळाच्या हॉलचं भाडं मी ऐटीत दोन दिवस आधी भरून टाकायचो. खातं शून्याखाली गेलं की बँक रोज ओव्हरड्राफ्टचा दंड लावायची. दंडामुळे खातं आणखी खाली जायचं, मग त्याचा वेगळा दंड. मी काहीही विकत न घेता नुसता घरी बसून कर्जबाजारी होऊ शकत असे.

मग मी फोन घेऊन दाराजवळ उभा राहायचो आणि ती माझ्या मागे जिन्यावर बसायची. बँकेची माणसं परवलीच्या शब्दातलं एखादं अक्षर विचारायची. शब्द तिने ठेवला होता 'कोथिंबीर', इंग्रजी अक्षरांत. कुठल्याही चोराला सुचणार नाही म्हणून. सातवं अक्षर विचारलं की मी बोटांवर मोजायचो, हमखास चुकायचो आणि मागून कुजबुज यायची, "एम नाही रे, बी." वर दाबलेलं हसू.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आजार कळल्यापासून आठ आठवड्यांत.

त्यानंतर मी दोन घोडचुका केल्या. पहिली म्हणजे, तिच्या मोबाइलचे पैसे उगाच जातायत म्हणून मी तो नंबर बंद केला आणि तिचा फोन दुकानात देऊन स्वतःसाठी नवा घेतला. तिचे व्हिडिओ त्याच फोनमध्ये होते, व्हॉइसमेलवरचा तिचा निरोपही त्याच नंबरावर. हे लक्षात आलं तेव्हा दुकानातल्या माणसाने फोन पुसून पुढे पाठवलेला होता. लग्नाची कॅसेट शोधून काढली, तर तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. जगात तिचा आवाज कुठेही उरला नव्हता. मी काढायचो तो सोडून.

दुसरी चूक, मी बँकेला ती गेल्याचं कळवलंच नाही. वडील गेले तेव्हा पुण्याच्या बँकेत मी वारस दाखला, नोटरी, हमीपत्र, दोन साक्षीदार आणि त्या साक्षीदारांची ओळख पटवणारे आणखी दोघे, असे चार महिने घालवले होते. इथेही तसंच असणार, खातं गोठणार, असं मी धरून चाललो. इथे एक फॉर्म आणि दाखल्याची प्रत पुरते, हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. ती गेल्यावर चार महिन्यांनी पुन्हा दंड लागला, तेव्हा मी सवयीने दाराजवळ उभा राहिलो आणि तिच्या आवाजात बँकेशी बोललो.

काम झालं. पण फोन ठेवल्यावर मला माझ्या आवाजात परत येता येईना. दुपारी पोस्टमनने दार वाजवून पार्सल दिलं, तेव्हा तोंडातून 'थँक यू' निघालं ते तिचं. तो बिचारा माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला. त्या दिवसानंतर मी तो आवाज कधी काढला नाही.

यंदा वसंतात पत्र आलं. आमच्या बँकेच्या अन्यायकारक दंडांविरुद्ध पुष्कळ ग्राहकांनी मिळून दावा लावला होता, आणि बँकेने कोर्टाबाहेर तडजोड केली होती. नुकसानभरपाई सगळ्यांनाच मिळणार होती, पण ज्यांनी त्या काळात फोन करून तक्रार केली होती त्यांना जास्त. ग्राहकांच्या वकिलांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. मी तिला बायको गेल्याचं सांगितलं. तिने हळहळ व्यक्त केली, तारीख लिहून घेतली आणि म्हणाली, "बँकेकडे तुमच्या पत्नीचे सात फोन रेकॉर्ड झालेले आहेत. मी पाठवते. ऐका, आणि कुठल्या फोनवर कोण बोलतंय ते लिहून सही करून द्या."

सात. मला आठवत होते पाच-सहा. म्हणजे एखादा तिने माझ्या नकळत केलेला असू शकतो. करायची ती असलं काही. भरपाईचा विचार माझ्या डोक्यातून गेलाच. मला तो एक फोन हवा होता.

शनिवारी भर दुपारी, टेबलावर ऊन असताना, मी हेडफोन लावले. बँकेची सूचना झाली, हा फोन रेकॉर्ड होऊ शकतो वगैरे. मग नाकातून सोडलेला तो बारीक श्वास आणि "यस, टेल मी." तीच होती! दोन वाक्यांनंतर तिने बँकेच्या माणसाला तीनदा 'थँक यू सो मच' म्हटलं आणि मी ओळखलं. ती जन्मात कुणा बँकवाल्याचे आभार मानणारी नव्हती. तो मी होतो.

दुसरा फोनही तसाच. दर वेळी पहिली दोन-तीन सेकंदं ती असायची आणि मग तिचा मी व्हायचा. रिकाम्या घरात बसून मी बायकोला पुन्हा पुन्हा माझ्यात विरघळताना ऐकत होतो.

तिसऱ्या फोनमध्ये मी अक्षर चुकलो, आणि मागून, लांबून, "एम नाही रे, बी." मग हसू. ती! नक्की ती. तेवढंच मी अकरा वेळा ऐकलं. चौथा, पाचवा, सहावा, तिन्ही फोन माझेच निघाले.

सातव्यात घर अगदी गप्प होतं. मागे फक्त बॉयलरची घरघर. बँकेच्या बाईने सातवं अक्षर विचारलं. मी, तिच्या आवाजात, म्हटलं "एम." मग थोडी शांतता.

"एम नाही रे, बी."

मागे हसू नव्हतं. मी "बी" म्हणालो, बाईने आभार मानले, फोन संपला. मी तारीख पाहिली. पोस्टमनचा दिवस.

आता मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. मीच पुटपुटलो असणार, म्हणून दाराजवळ उभा राहून मोबाइलवर तसंच रेकॉर्ड करून पाहिलं. माझी कुजबुज फोनच्या तोंडाशी येत होती. ती कुजबुज लांबची होती, आणि खालून आलेली, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून.

मंडळातल्या मित्राला बोलावून कोणता फोन कधीचा हे न सांगता ऐकवलं.

"तूच आहेस," पहिल्यालाच तो म्हणाला. "ही ओव्हरअ‍ॅक्टिंग मी झोपेत ओळखीन."

तिसऱ्याला म्हणाला, "मागे वहिनी." सातव्यालाही म्हणाला, "मागे वहिनी." मग त्याने स्क्रीनवरची तारीख वाचली, हेडफोन काढून हलकेच टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "चहा टाक."

चहा पिऊन होईस्तोवर तो जिन्याकडे पाठ करून बसला नाही.

मी वकिलांना खरं ते लिहून दिलं. सातही फोन मी केले आहेत, तिसऱ्यात मागे माझी पत्नी आहे. सातव्यापुढे काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला.

"तुम्ही पत्नीच्या आवाजात बोलत होता? तिची परवानगी होती का?"

"मागे बसून हसत होती."

ती किंचित हसली. "मग तक्रार दोघांचीच धरता येईल, तेवढं मी बघते. पण सातव्यातही मागे एक बाई बोलतायत. मला तुमची भाषा येत नाही, पण मला तरी त्या तिसऱ्यातल्याच वाटतात. त्याच का?"

"हो," मी म्हटलं. "त्याच."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. तिच्यासमोर दोन्ही तारखा असणार, बायको गेल्याची आणि सातव्या फोनची.

"सर, मी इथे 'अनोळखी व्यक्ती' लिहू का? तसं लिहिलं तर तुमची रक्कम महिन्याभरात येईल."

मला खरंच वाटलं होतं की मी हो म्हणेन. मी फसवणुकीचा आळ येईल या भीतीने आठवडाभर अर्धवट झोपलेला माणूस, वर पैसे मिळणार. पण तिचा आवाज एवढ्या दोनच ठिकाणी उरला होता, आणि त्यातल्या एकाला माझ्याच सहीने अनोळखी म्हणायचं?

"नको," मी म्हटलं. "पत्नी लिहा."

"मग ते शंका काढणार. रक्कम अडकेल."

"अडकू दे."

अडकली. मधूनमधून बँकेचं पत्र येतं, सातव्या फोनमधल्या दुसऱ्या आवाजाची ओळख कृपया पुन्हा पटवून द्यावी. मी फोन करतो, माझ्या स्वतःच्या आवाजात, दाराजवळ उभा राहून. "माझी बायको," असं सांगतो. पलीकडचा माणूस ते टाइप करतो, तेवढा वेळ मी काहीच न बोलता थांबतो, आणि मागे वळून बघत नाही.